आहेत तसेच राहावे

४ फेब्रुवारी, ब्राझिलिया

आज रुजू झाले. माझं टेबल दाराच्या मागे आहे. दार उघडलं की मी कोणाला दिसत नाही. रेजियाने नावाची बाई आहे, ती म्हणाली, जागा झाली की पुढे घेऊ. मी म्हटलं, हीच बरी आहे.

रेजियाने कार्यालय सांभाळते. याआधी तिने चार खासदारांची कार्यालयं सांभाळली, त्यातले दोघे तुरुंगात जाऊन आले, हे तिनेच सांगितलं. पहिली सूचना अशी की ओस्मार किंतेला यांना इथे 'वकीलसाहेब' म्हणायचं नाही. "लिफ्टमध्ये तशी हाक मारून बघ, निम्मी लिफ्ट मागे वळेल." इथे खासदार म्हणायचं. मी इथे लिहिताना वकीलसाहेबच लिहिणार. आमच्या खोऱ्यात त्यांचं दुसरं नाव कोणाला ठाऊक नाही.

काम काय आहे ते नीट लिहून ठेवते. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या खोऱ्यात लागोआ सेकाचं धरण फुटलं. पाण्याचं नव्हे, लोखंडाच्या खाणीतून उरणारा चिखल साठवायचं. एकसष्ट माणसं गेली. तोवर वकीलसाहेब सांता रोझात औषधांच्या दुकानावरच्या खोलीत बसून खाणकामगारांचे खटले चालवत. त्या घरांचे खटले त्यांनी घेतले, फी म्हणून अंडी आणि भोपळे घेतले, आणि त्याच घरांच्या जोरावर निवडून इथे आले. आता त्यांचा कायदा समितीपुढे आहे. त्याचे दोन भाग. पहिला: लागोआ सेकाच्या कुटुंबांना घर आणि उपचार, दरवेळी कोर्टाची पायरी न चढता. दुसरा: त्याच पद्धतीची, म्हणजे स्वतःच्याच चिखलावर थर देत उंच केलेली, आणि खाली वस्ती असलेली सगळी धरणं तीन वर्षांत रिकामी करून काढून टाकायची.

असं एक धरण सापे गावाच्या वर आहे. सापेत माझी झुल्मिरामावशी राहते. आई गेल्यापासून माझं घर तेच.

मला का घेतलं, असं मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तू सापेची आहेस आणि तुला धरण कळतं. दोन्ही असलेलं दुसरं माणूस मला सापडलं नाही." उत्तर पुरेसं होतं.

११ फेब्रुवारी

दुपारी सभागृहात वकीलसाहेब बोलले. समोर फारसं कोणी नव्हतं. एकजण फोनवर हसत होता. वकीलसाहेबांनी एकसष्ट नावं हातात कागद न घेता म्हटली. मला वाटलं होतं आडनावांच्या क्रमाने म्हणतील. तसं नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाच्या घरापासून सुरुवात करून ते खाली उतरत गेले. चिखल ज्या क्रमाने घरांत शिरला, त्या क्रमाने.

मला भाषणं आवडत नाहीत. हे आवडलं. यात माहिती होती.

३ मार्च, सापे

कार्निव्हालची सुट्टी. मावशीचा गुडघा अजून वाईट झालाय. चुलीपासून दारापर्यंत येताना भिंत धरते. मला बघून म्हणाली, "ब्राझिलियात अन्न मिळत नाही वाटतं." मग मक्याचा घट्ट अंगू आणि पालेभाजी पुढे ठेवून मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

रस्त्यावरच्या खांबांना कंपनीने हिरवे बाण लावलेत. भोंगा वाजला की त्या दिशेने टेकडीवर पळायचं. मावशीने तिच्या दारातल्या खांबाला कपड्यांची दोरी बांधली आहे. मी तिला सांगितलं की ही जागा कायद्याने 'स्वयंबचाव पट्टा' आहे. म्हणजे धरण फुटलं तर सरकारी मदत पोचायला वेळच उरणार नाही, ज्याने त्याने स्वतःला वाचवायचं, असा भाग. मावशी म्हणाली, "म्हणजे एरवी दुसरं कोणीतरी वाचवत होतं होय?"

कंपनी तिला सांता रोझात तात्पुरतं घर द्यायला तयार आहे. शेजारची चार कुटुंबं गेली. मावशी जात नाही. कारण तिने शांतपणे सांगितलं: वकीलसाहेब धरणच काढायला लावणार आहेत, मग मी कशाला जाऊ? फ्रिजच्या दारावर संत अंतोनियोच्या शेजारी वकीलसाहेबांचं चित्र असलेली दिनदर्शिका आहे. मागच्या वर्षीची. पानं संपली तरी काढलेली नाही.

मी सांगितलं की कायदा झाला तरी धरण काढायला तीन वर्षं लागतील. ती म्हणाली, सहा वर्षं थांबलो, अजून तीन.

धरणाच्या आतल्या पाण्याच्या दाबाची मोजमापं कंपनी जाहीर करते. या पावसात दाब वाढला, पण मर्यादेत आहे. परवा परत जायचंय.

१९ मार्च

समितीसाठी तांत्रिक टिपण पूर्ण केलं. सापेच्या धरणावर दोन पानं. मुख्य वाक्य असं होतं: 'सध्याच्या मोजमापांत धरण लगेच कोसळण्याची चिन्हं दिसत नाहीत, मात्र अशी धरणं कोणतंही चिन्ह न दाखवता कोसळलेली आहेत, त्यामुळे चिन्हं नसणं हा सुरक्षिततेचा पुरावा धरता येणार नाही.'

वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचलं. टिपण उत्तम आहे म्हणाले. फक्त वाक्य लांब आहे. "ग्राझी, खासदार लोक स्वल्पविरामाच्या पुढे जात नाहीत. तिथे पूर्णविराम दे. पुढचं पुढच्या परिच्छेदात घे, म्हणजे उठून दिसेल."

मी विचार केला. दोन विधानं आहेत. दोन्ही खरी आहेत. दोन्ही टिपणात राहतात. अर्थामध्ये फरक पडत नाही. पूर्णविराम दिला.

"वकिलाने मागितलं आणि इंजिनिअरने लगेच दिलं, असं कधी होत नाही," असं म्हणून त्यांनी स्वतः मला कॉफी ओतून दिली. साखर किती घेते हे त्यांच्या लक्षात होतं.

२ एप्रिल

तळ्याकाठच्या एका हॉटेलात जेवण. वकीलसाहेबांनी मलाही नेलं. खाणमालकांच्या संघटनेचे सल्लागार होते, फाबियानो नावाचे, बोलायला मऊ. विरोधी बाजूशीही बोलावं लागतं, असं वकीलसाहेबांनी गाडीत आधीच सांगितलं होतं. ते योग्यच आहे.

फाबियानो माझ्या टिपणाबद्दल फार चांगलं बोलले. इतका संयम तरुण तज्ज्ञांत दिसत नाही म्हणाले. टिपण अजून समितीत वाटलेलं नाही. बहुधा सचिवालयातून मिळालं असावं. मला पुढे खाजगी क्षेत्रात यायचा विचार आहे का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. ते वकीलसाहेबांकडे बघून हसले. "तुमची माणसं पक्की आहेत, सेनेटर."

वकीलसाहेबांनी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. मांसाचे बारीक तुकडे करत राहिले. ताट उचललं तेव्हा तुकडे तसेच होते.

परतताना मी म्हटलं, त्यांनी तुम्हाला सेनेटर म्हटलं. "जीभ घसरली असेल," ते म्हणाले, आणि काच खाली केली.

२३ एप्रिल

कायद्याचा सुधारित मसुदा आज वाटला. वकीलसाहेबच या मसुद्याचे निवेदक आहेत, म्हणजे समितीपुढे तो मांडण्याची आणि सगळ्या दुरुस्त्या त्यात बसवण्याची जबाबदारी त्यांची. पहिला भाग जसाच्या तसा आहे. दुसऱ्या भागात एक नवं कलम आहे. ज्या धरणाबाबत तज्ज्ञाच्या मते लगेच कोसळण्याची चिन्हं दिसत नाहीत, ते काढून टाकण्याऐवजी कायम देखरेखीखाली ठेवता येईल.

'ऐवजी'. मी तो शब्द चार वेळा वाचला. मग कलमाखालची तळटीप वाचली. तीत माझं टिपण होतं. पहिलं वाक्य, पूर्णविरामापर्यंत.

मार्गिकेत कार्मोसिनाबाई भेटल्या. उत्तरेकडच्या, पारा राज्यातल्या खासदार. वय सत्तरीच्या पुढे, पाच वेळा निवडून आलेल्या, चालताना चपला घासतात. त्यांच्याकडे मसुदा होता. मी विचारलं, हे कलम कोणी घातलं ते कुठे कळेल. भलत्याच कायद्याच्या पाठीवर बसवलेल्या अशा कलमाला संसदेत 'कासव' म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं.

"कासव झाडावर चढत नाही, बाळ. फांदीवर दिसलं तर समजायचं, एकतर पुराने नेऊन ठेवलं, नाहीतर माणसाच्या हाताने." मग त्यांनी खिडकीबाहेरच्या कोरड्या लाल मातीकडे बघितलं. "आणि ब्राझिलियात पूर येत नाही."

हात कोणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. मी समितीच्या अध्यक्षांचा धरून चालले आहे. वकीलसाहेबांनी हे बहुधा पाहिलंच नसेल. मसुदा शंभर पानांचा आहे.

२४ एप्रिल

सकाळीच त्यांना कलम दाखवलं. त्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी दार लावलं आणि बऱ्याच गोष्टी सांगितल्या. अध्यक्षांनी अट घातली आहे की हे कलम असेल तरच मसुदा मतदानाला येईल. नाही तर तो यंदाही फायलीत राहील, आणि पुढच्या वर्षी निवडणूक, म्हणजे कोणीच काही करणार नाही. म्हणून कलम आत येऊ द्यायचं आणि समितीत ऐन वेळी ते वेगळं काढून त्यावर स्वतंत्र मतदान मागायचं. नियमात तशी सोय आहे. मग प्रत्येकाला नावानिशी मत द्यावं लागेल, आणि लागोआ सेकाची कुटुंबं समोर बसलेली असताना कोणाची हिंमत होणार नाही.

"कोण मागणार?" मी विचारलं.

"मी. अजून कोण?"

टिपणातलं पुढचं वाक्य तळटीपेत घ्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, आत्ता तळटीपेला हात लावला तर डाव उघडा पडेल. पद्धत म्हणून हे पटण्यासारखं आहे. वाळवंटातल्या उंटासारखं कलमाला तंबूत घेऊन मग बाहेर काढायचं, हे थोडं जोखमीचं आहे, एवढंच.

बाहेर आले तर रेजियाने पेन्सिलीला टोक करत होती. तिने विचारलं, "सांगितलं ना सगळं नीट?" मी हो म्हटलं. "ते नीटच सांगतात," ती म्हणाली. "कोर्टात न्यायाधीश रडलेत त्यांच्यापुढे."

६ मे

मावशीचा फोन. कंपनीची माणसं पुन्हा आली होती, तात्पुरत्या घराचं विचारायला. ही शेवटची संधी, असं ती माणसं म्हणाली. मावशीने त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात मतदान आहे हे मी सांगितलं. ती संध्याकाळी संत अंतोनियोला मेणबत्ती लावणार आहे. त्याचा उपयोग नाही, पण तोटाही नाही.

पक्षाच्या कार्यालयात दिवसभर बैठका. वकीलसाहेब दमलेले दिसतात. केस कापून आले आहेत, नवा निळा कोट आहे. रेजियाने म्हणाली, "कोट बघितलास? चौथ्या मजल्याचा नाही हा." ती कोड्यात बोलते. आमचं कार्यालय चौथ्या मजल्यावरच आहे.

१४ मे

जे झालं ते क्रमाने लिहिते.

समितीची खोली सकाळी दहाच्या आतच भरली. लागोआ सेकाची कुटुंबं दोन बस करून आली होती. पांढरे शर्ट, छातीवर आपापल्या माणसाचा फोटो. एका बाईच्या शर्टावर तीन फोटो होते, त्यामुळे प्रत्येक चेहरा लहान झाला होता. मी कर्मचाऱ्यांसोबत भिंतीशी उभी होते.

वकीलसाहेब निवेदक म्हणून बोलले. नावं म्हटली, वरच्या घरापासून खाली. या वेळी कोणी फोनवर नव्हतं. तीन फोटोंच्या बाईची नावं आली तेव्हा ती उठून उभी राहिली आणि नावं संपेपर्यंत उभीच होती. अध्यक्षांनीही चष्मा काढला.

त्यानंतर वकीलसाहेबांनी स्वतंत्र मतदान मागायला हवं होतं. ते खाली बसले. पाणी प्यायले.

अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही मांडायचं आहे का. मी थांबले. माझ्या मते वकीलसाहेब योग्य क्षणाची वाट बघत असावेत.

मग अध्यक्ष म्हणाले, "मसुद्याला ज्यांची संमती आहे, त्यांनी आहेत तसेच राहावे."

इथे मत असंच घेतात. हात वर करायचा नसतो. विरोध असेल त्याने हलायचं. संमती असेल त्याने काहीच करायचं नाही. आणि हे म्हणणं आणि पुढचा शब्द यांच्यात एक श्वाससुद्धा बसत नाही.

"मंजूर."

कार्मोसिनाबाई उठल्या. दुसऱ्या भागातल्या कलमावर त्यांनी नावानिशी मतदान मागितलं. अध्यक्ष म्हणाले, बाईंना नियम माहीत आहे. त्यासाठी आणखी एका सदस्याचा हात लागतो. बाईंच्या बाजूचे दोघे आज आलेच नव्हते. त्या वळल्या आणि सरळ वकीलसाहेबांकडे बघून म्हणाल्या, "ओस्मार, एक हात दे."

त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. उजव्यात पेन होतं. मी हातांकडे बघत होते, चेहऱ्याकडे नाही, कारण काही हललं असतं तर ते हातच. पेनसुद्धा हललं नाही.

"आधार नाही," अध्यक्ष म्हणाले. "मसुदा मंजूर."

टाळ्या. कुटुंबं एकमेकांना मिठ्या मारत होती. त्यांना वाटलं म्हातारीने त्यांच्या कायद्यात खोडा घालायचा प्रयत्न केला. एकजण तिला शिवी देऊन गेला. बाईंनी चपला घासत दार गाठलं. कायदा समितीतच पक्का झाला. यापुढे सभागृहात चर्चा नाही.

कर्मचाऱ्यांना बोलायची परवानगी नसते. मीही होते तशीच राहिले.

१५ मे

ते एकटे होते. मी बसले नाही.

मी विचारलं, स्वतंत्र मतदान का मागितलं नाही. त्यांनी टाळलं नाही, सरळ सांगितलं. मागितलं असतं तर अध्यक्षांनी पूर्ण मसुदाच परत घेतला असता. काल दारात सांगितलं त्यांनी. "लागोआ सेकाची घरं सहा वर्षं वाट बघतायत, ग्राझी. त्यातली नऊ माणसं वाट बघता बघता गेली. त्यांना मी अजून एक वर्ष थांबा म्हणून सांगू? तू सांगशील?"

मी म्हटलं, सापेत दोनशेहून जास्त माणसं आहेत.

"ती जिवंत आहेत. जिवंत माणसासाठी उद्या भांडता येतं."

वाक्य ऐकायला बरोबर वाटलं. त्यातली चूक सापडायला मला दार ओलांडेपर्यंत वेळ लागला. तोवर त्यांचा फोन वाजला होता. मी राजीनामा रेजियानेच्या टेबलावर ठेवला. तिने तो न वाचता खणात टाकला. "मला वाटलं तू एप्रिलमध्येच देशील," ती म्हणाली. "तुला सगळं दिसतं ग. फक्त माणूस दिसत नाही."

२८ मे, सांता रोझा

रेडिओवर बातमी: पक्षाने ओस्मार किंतेला यांना पुढच्या वर्षी सेनेटसाठी उभं करायचं ठरवलं. फाबियानो जेवताना जे म्हणाले ती जीभ घसरली नव्हती. तारीख २ एप्रिल. तेव्हा सुधारित मसुदा आलाही नव्हता.

१ जून, सापे

मावशीला सगळं सांगितलं. कलम, तळटीप, मतदान. कागदावर धरणाचा छेद काढून दाखवला: भिंत कशावर उभी आहे, ओला चिखल एका क्षणात कसा पातळ होतो. ती शेंगा सोलत ऐकत होती.

शेवटी म्हणाली, "तुझं बरोबर असेल. पण तू लहानपणापासून भित्री. वीज चमकली की पलंगाखाली जायचीस."

मी म्हटलं, हे भीतीचं नाही. सांता रोझात मी खोली बघितली आहे, दोघींना पुरेल.

"तेराला वकीलसाहेब संत अंतोनियोच्या सणाला येणार आहेत. मी त्यांनाच विचारीन. ते म्हणाले जा, तर दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर येते. शपथ."

मी यावर विचार केला. ते खोटं बोलत नाहीत, हे मी त्यांच्यापाशी होते तितके महिने पाहिलं आहे. गप्प राहतात, पण सरळ विचारलं की सरळ सांगतात. मावशी सरळच विचारते. मी हो म्हटलं. खोलीचं भाडं भरून ठेवलं.

१३ जून, सापे

प्रार्थनेनंतर देवळाच्या पटांगणात जेवणं. वाळलेल्या केळीच्या पानांच्या माळा, मोठ्या शेकोटीसाठी रचलेली लाकडं, घमेल्यात राजमा आणि डुकराचं मांस. वकीलसाहेब आले तेव्हा फटाके लावले. लागोआ सेकाचीही काही माणसं त्यांच्यासोबत होती. एकीला नव्या घराची किल्ली मिळाली आहे. ती सगळ्यांना दाखवत होती. ते घर खरं आहे. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

त्यांनी मला बघितलं, मान हलवली. राग नव्हता.

मावशी भिंत नाही म्हणून माझा खांदा धरून त्यांच्यापुढे गेली. आजूबाजूची बोलणी थांबली, कारण विचारायचं सगळ्यांनाच होतं. मावशीने आधी त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "साहेब, ही पोर म्हणते घर सोड. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

मला वाटतं, सांगण्याचं त्यांच्या मनात आलं होतं. त्यांनी वर बघितलं. देवळामागे धरणाची करडी पायरी दिसते. मग आजूबाजूच्या तोंडांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"झुल्मिराबाई, मला विचारता? मी वकील माणूस. तुमच्या भाचीनेच सरकारला लिहून दिलंय की. 'सध्याच्या मोजमापांत धरण लगेच कोसळण्याची चिन्हं दिसत नाहीत.'" एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. ते पाठ करण्यात तरबेज आहेत.

मावशी माझ्याकडे वळली. "तू लिहिलंस हे?"

"मावशी, त्याच्यापुढे अजून..."

"लिहिलंस की नाही?"

"लिहिलं."

"मग मला का घाबरवतेस ग?"

मी म्हटलं की ते अर्धं आहे. पुढचं वाक्य असं आहे की अशी धरणं चिन्ह न दाखवता कोसळलेली आहेत. आवाज मोठा ठेवला. मी सांगितलं की चिन्हं नसणं हा पुरावा नाही. मागून कोणीतरी विचारलं, म्हणजे चिन्हं आहेत की नाहीत? मी म्हटलं, नाहीत, पण... आणि तिथे लोक हसायला लागले. वाईट हसणं नव्हतं. जीव भांड्यात पडल्यावर हसतात तसं.

मग मी तिचा दंड धरून म्हटलं, "मावशी, इथे राहू नकोस. चल."

वकीलसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काळजी करणं इंजिनिअरचं कामच आहे. करू दे तिला. आणि मी आहेच." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. अकॉर्डियनवाल्याने सूर धरला.

मावशीही हसली. तिने मला बाकावर बसवलं, ताट भरलं. "खा. वाळलीस तिकडे."

मी खाल्लं.

ते चार वाजता गेले; पुढच्या गावातही सण होता.

१९ जून

सांता रोझाची खोली सोडली. मालकाने आगाऊ दिलेलं परत केलं नाही, ते त्याच्या हक्कातच होतं. तिथल्या शाळेत गणिताची जागा मिळाली आहे, ऑगस्टपासून. बस सापेच्या फाट्यावर थांबते.

सामान फार नाही. मागच्या खोलीत खाट टाकली. हा निर्णय व्यवहाराचा आहे. मावशीला गुडघ्यामुळे एकटीला टेकडी चढणं शक्य नाही. तिची झोप जड आहे, माझी हलकी. भोंगा चालला नाही तरी जमिनीतला आवाज ओळखणारं कोणीतरी घरात असावं. उचलून न्यायचा सरावही करावा लागेल. ती मला जड जाईल, पण पाठीवर घेतलं तर जमेल.

मावशीला वाटतं ब्राझिलियात माझं कोणाशी तरी बिनसलं. शेजारणीला हळूच म्हणाली, विचारू नका तिला काही, होईल बरी. चादरी बदलून दिल्या. उशी उन्हात टाकली होती, अजून गरम होती.

मी पुस्तकं लावत होते तेव्हा दारात येऊन उभी राहिली. किती दिवस राहणार आहेस, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, "धरण आहे तोवर."